टाळ्यांची जागा

९ मार्च

दादा,

रविवारच्या खुल्या बैठकीला मी आले होते. तुला न भेटता परतले. सुधार केंद्रात तुम्हाला फोन ठेवू देत नाहीत, म्हणून कारण पत्रात लिहिते आहे. समोर असतास तर बहुधा बोलले नसते.

मी शेवटच्या रांगेत खांबामागे बसले होते. चाळीसेक पाहुणे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या. तुझे सर माइक घेऊन म्हणाले, "आता आपल्या केंद्रातला सगळ्यात प्रामाणिक मुलगा बोलेल." छत्तीस वर्षांचा मुलगा. तू अकरा मिनिटं बोललास, चार वेळा टाळ्या पडल्या. तुझा आवाज तीनदा कापला आणि तिन्ही वेळा वाक्याच्या शेवटी, मध्ये कुठेच नाही. माझं कामच मापनयंत्रं तपासण्याचं. जे यंत्र दर वेळी हुबेहूब तोच आकडा दाखवतं त्याचा काटा अडकलेला असतो, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

तू काय केलंस ते मला न्यायालयाच्या कागदांतून पाठ आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी तू पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला गेलास. आधी दोनदा गेला होतास, त्या तुला ओळखत होत्या. कपाटातला दागिन्यांचा डबा उचललास, त्यांनी तुझा हात धरला, तू ढकललंस. खुब्याचं हाड मोडलं. तू दीड वाजता निघालास, त्या सहा वाजता सापडल्या. चार महिने अंथरुणावर काढून गेल्या. मागे एक मुलगा. रविवारी या सगळ्याचं मिळून झालं होतं, "माझ्या आयुष्यातली काळी दुपार." तुझ्या आयुष्यातली. बाईंची दुपार कुठे गेली?

मला किळस आली. हाच शब्द आहे, दुसरा शोधून पाहिला.

एका गोष्टीवर मात्र मी अजून उभी आहे. पळता पळता तू मागे वळलास आणि उतू जाणारं दूध पाहून गॅस बंद केलास. आई तर त्या शेगडीवरच दिवस काढते. परवा समोरच्या काकूंनी जिन्यात टोमणा मारला, "काय, चिरंजीव कधी येताहेत मग?" आई म्हणाली, "जूनअखेर. आणि त्यानं त्या घराला आग लागू दिली नाही, तेवढं लक्षात ठेवा." काकूंनी दार लावून घेतलं. आई बंद दाराला आणखी दोन वाक्यं बोलली.

३० जूनला सहा महिने पुरे होतात. मग उरलेली चौदा महिन्यांची शिक्षा माफ आणि तू घरी. बाहेरच्या खोलीत खाट टाकली आहे. केंद्राकडून 'घरच्यांचा अभिप्राय' नावाचा फॉर्म दर महिन्याला येतो, बारा प्रश्न असतात. मी तो नीट भरते.

तुमच्यातला कुलपं फोडणारा तो कुलूपवाला कार्यक्रम सोडून परत तुरुंगात गेला असं ऐकलं. अशा माणसांचं मला नवल वाटतं. दार उघडून दिलं तरी यांना आतच बरं वाटतं. तू तसलं काही करू नकोस.

तुझी बहीण


१८ मार्च

प्रिय मोजपट्टी,

खांबामागची तू मला दिसली होतीस. सगळे टाळ्या वाजवत होते आणि एकच जण हाताची घडी घालून बसलं होतं. म्हटलं, आली परीक्षक!

आवाज कुठे कापतो ते बरोबर पकडलंस. ते तसं बसवलेलं आहे. सरांना आम्ही मधाचं बोट म्हणतो. तोंडावर नाही, जेवणाच्या रांगेत. तिसऱ्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं, "गोष्ट तीन तुकड्यांत बसवा. आधीचा मी, ती घटना, आणि आताचा मी." दर बुधवारी तालीम. "इथे थांब. श्वास घे. लोकांना आत येऊ दे." आत म्हणजे कुठे, ग? त्या बाईच्या घरात? तिथे मी एकटा गेलो तेवढं पुरे झालं नाही का?

कुलूपवाल्याचं ऐक आणि मग नवल कर. त्याची मुलगी त्याच्याशी बोलत नाही. एका बुधवारी ते सांगताना तो खरंच रडला. इतका, की आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसलो. सर म्हणाले, "वा. रविवारी हेच." रविवारी रडू आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी सर म्हणाले, "मुलीचं जरा वाढव." त्यानं वळकटी बांधली आणि फाटकावर जाऊन सांगितलं, "मला तुरुंगात पोचवा. तिकडे मी नुसता चोर आहे. इथे चोर पण आणि नाटक्या पण." सरांनी नोंदवहीत लिहिलं, इच्छाशक्तीचा अभाव.

मी पकडला गेलो कसा ते मात्र सर सांगू देत नाहीत, कारण लोक हसतात. डबा खिशात, बाई जमिनीवर, आणि मी सवयीनं सर्व्हिसची स्लिप भरून ओट्यावर ठेवून आलो. 'काम पूर्ण' वर खूण, खाली सही. चोरी करून पावती फाडणारा तुझा भाऊ.

आता दुसरं. ते लिहायला चार दिवस लागले.

तू ज्या शेगडीवर उभी आहेस ना, तिथून उतर. मी मागे वळलो वगैरे काही नाही. मी ओट्यापाशीच होतो. दूध उतू जाऊन करपलं असतं, वास जिन्यात गेला असता, शेजारी आले असते. म्हणून बंद केला. पहिल्यांदा सरांना मी एवढंच म्हटलं होतं की गॅस बंद केला. त्यांनी विचारलं, "का?"  तर तेच म्हणाले, "माणुसकी जागी झाली!" मी मान हलवली. त्या मान हलवण्याला आता अडीच महिने झाले. चौथी टाळी तिथेच पडते.

आणि ते दूध माझ्या चहासाठी ठेवलेलं होतं.

तू हे कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच.

दादा


३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर एकच दाबमापक चार वेळा तपासायला घेतला आणि चारही वेळा आकडा लिहायचा राहिला. डबा तसाच परत आणला. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. वाईट वाटणं वेगळं असतं. मी बेसिनपाशी बराच वेळ उभी होते.

जी बाई तुझ्यासाठी दूध तापवत होती तिला तू ढकललंस, आणि त्याच दुधाच्या वासाची तुला काळजी पडली. एवढंच मी डोक्यात मांडते आणि पुन्हा पुन्हा पुसते.

आईला सांगितलं नाही. पण ती शेगडीचं बोलू लागली की मला भांडी घासायला उठावं लागतं. काल घासलेलीच भांडी पुन्हा घासली. ती म्हणाली, "तुला हल्ली कामाचा फारच उरक आलाय."

आणखी एक. मार्चचा फॉर्म आला होता. प्रश्न नववा: 'सहभागी व्यक्ती तुमच्याशी किंवा इतरांशी खोटं बोलल्याचं या महिन्यात लक्षात आलं का? असल्यास तपशील द्यावा.' मी 'हो' लिहिलं आणि चार ओळींत तपशील दिला. तू कुणाला सांगू नकोस म्हणाला होतास. मी सांगितलेलं नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं. दोन्हींत फरक आहे. शिवाय खरं कळल्यावर ते तुला खरं बोलू देतील. कार्यक्रम त्याचसाठी आहे.

तुझी बहीण


१३ एप्रिल

मोजपट्टी,

फरक आहे म्हणे! धन्य आहेस.

सरांनी ऑफिसात बोलावलं. तुझा फॉर्म समोर, बाजूला कॉफीचा कप. दार लावून घेतलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीनं हे लिहिलंय. खरं?"

"हो सर."

मला वाटलं, आता झापतील. खरं सांगू? बरंही वाटलं. झापलं तर निदान कुणीतरी ऐकलं असं होईल.

तर ते हसले. "हे बघ, काळंबेरं प्रत्येकाच्या मनात असतं. ते तुझ्यापाशी ठेव. तुझ्या गोष्टीला आता एक आकार आलाय."

"पण ते खोटं आहे, सर."

"खोटं कसं? गॅस बंद केलास की नाही?"

"केला."

"मग झालं. का केलास ते लोकांना ठरवू दे."

आणि पेन काढून तुझ्या 'हो' वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'गैरसमज. निरसन केले.' तुझ्या अक्षरावर रेघ मारलेली बघून मला तुझाच राग आला, का कुणास ठाऊक.

आता मुख्य. २८ तारखेला बाईंचा मुलगा येणार आहे. समोरासमोरची बैठक. सर त्याला सहा महिन्यांपासून, म्हणजे मी इथे यायच्याही आधीपासून गळ घालत होते. तो आला की दुसऱ्या केंद्रांतले लोकही बघायला येणार, कारण अशी बैठक आमच्याकडे पहिलीच. ती पार पडली तर माझं कार्यक्रमाचं पुस्तक पुरं, नाही तर 'अपूर्ण' आणि परत तुरुंग. सर म्हणतात, "त्याला शांती मिळेल. फक्त गॅसपाशी हळू जा."

बेकरीवाला पण गेला, बरं का. त्याला केंद्रानंच बेकरीत कामाला लावलं. पाळी पहाटेपासून दहापर्यंत आणि गटाची बैठक नऊला. तीनदा गैरहजर, नाव कापलं. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "माणसाला काम मिळावं म्हणून कार्यक्रम काढला, आणि कार्यक्रमासाठी काम सोड म्हणतात. यांचं लग्न लागलंय कुणाशी?" नोंदवहीत काय लिहिलं असेल? तेच. सरांनी शिक्काच करून घेतलेला दिसतो.

तर मी काय करू? त्याच्या तोंडावर खोटं सांगू? की खरं सांगू आणि सरांनी मध्येच माइक घ्यावा? तू सांग. सगळं तूच मोजतेस.

दादा


१९ एप्रिल

दादा,

उत्तर अवघड नाही. खरं सांग. माइक घेतला तर माइकशिवाय सांग, हॉल काही मोठा नाही.

फॉर्मबाबत माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं, चुकीची नोंद दाखवून दिली की ती दुरुस्त करतात. आमच्याकडे माप चुकलंय हे माहीत असूनही दाखल्यावर सही करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. सगळीकडे तसं असेल असं मी धरून चालले. ही माझी चूक आणि तिची किंमत तुला पडली, हे मला मान्य आहे.

म्हणून २८ ला मी रजा टाकली आहे. खांबामागे बसणार नाही, पुढच्या रांगेत बसेन. सर तुला अडवायला लागले तर मी उठून बोलेन. हे लिहून देते आहे.

तुझा निकाल काहीही लागला तरी मी काढता पाय घेणार नाही. पण त्या माणसाला तिथे बसवून तू पळालास, तर खाट उचलून ठेवीन.

तुझी बहीण


२९ एप्रिल

दादा,

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवते आहे. काल तुझी खुर्ची रिकामी होती.

मी दहाला पोचले. सर दारातच भेटले. "काल सकाळी सही करून गेला. काय करणार! आपण कितीही पेरलं तरी जमीन चांगली हवी ना?" टेबलावर नोंदवही उघडी होती. कारणाचा रकाना मी उलट्या बाजूनं वाचला. कुलूपवाल्याचंच कारण, त्याच अक्षरात.

बैठक रद्द होईल असं मला वाटलं. झाली नाही. पाहुणे आले होते, बाईंचा मुलगा आला होता. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. सर उभे राहिले आणि म्हणाले, "आपला मित्र आज येऊ शकला नाही. त्याच्या वतीनं मी सांगतो." मग त्यांनी तुझी अकरा मिनिटं सांगितली. 'मी' म्हणत सांगितली. "मी त्या दिवशी माणूस नव्हतो." तुझ्याच जागी थांबले, तुझ्याच जागी आवाज कापला. गॅसपाशी हळू गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलासमोर, दादा. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता.

मी लिहून दिलं होतं की उठून बोलेन. मी उठले नाही. पुढच्या रांगेत बसून राहिले. सरांची किळस आली, तुझी आली, आणि माझीही आली. तिन्ही लिहून ठेवते, एक गाळली तर ते खोटं ठरेल.

संपल्यावर तो माणूस फाटकाबाहेर, सायकली लावतात तिथे उभा होता. म्हणाला, "तुम्ही बहीण ना? चेहऱ्यावरून वाटलं."

मी म्हटलं, "हो. गॅसचं जे सांगितलं ते खरं नाही. वास बाहेर जाऊ नये म्हणून बंद केला होता. हे मी आत बोलायला हवं होतं."

"असेल," तो म्हणाला. "बाई, गॅस कुणी का बंद करेना. मला काय करायचंय त्याचं?"

 आपण चौघांनी, म्हणजे तू, मी, आई आणि ते सर, त्या शेगडीवर केवढं काय रचलं होतं.

मग तो म्हणाला, "मला एकच विचारायचं होतं. सरांना पहिल्या फोनपासून सांगतोय, ते म्हणतात बैठकीत विचारा. म्हणून आलो." आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "मी दार उघडलं तेव्हा माझ्याबरोबर वॉचमन होता, वरच्या मजल्यावरचे दोघं होते. आईचा गाऊन कमरेच्या वर होता. आम्ही चौघांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही झालेलं नाही. कागदावरही तेच आहे. पण मग तो तसा का होता? चार महिने तिच्या उशाशी बसलो. आईला हे कसं विचारणार? तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि ती गेली."

मी म्हटलं, मी त्याला विचारीन. त्यानं पिशवीतून कागद काढून पत्ता लिहून दिला.

तू का पळालास ते लिहायचं तर लिही, न लिहिलंस तरी चालेल. तुला वाटलं असेल तू सरांना आणि टाळ्यांना चुकवलंस. तू या माणसाचा प्रश्न चुकवलास. त्याचं उत्तर वेगळ्या पानावर लिही.

तुझी बहीण


१५ मे

मोजपट्टी,

का सोडलं ते आधी लिहितो.

तुझं पत्र आल्यावर खरं सांगायचं मी ठरवलं होतं. २६ ला दुपारी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि भिंतीकडे तोंड करून बोलून पाहिलं. सगळं खरं. गॅसचं खरं, दुधाचं खरं. आणि वाक्याच्या शेवटी आवाज कापला. तिथेच, जिथे बसवला होता. मी पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तिथेच. खऱ्यालाही तोच कंप, ग.  म्हटलं, मी त्या माणसापुढे खरं बोललो तरी छानच बोलणार. लोक त्यालाही टाळ्या वाजवणार. सर म्हणणार, "वा, हे तर आणखी चांगलं."

हे झालं अर्धं. दुसरं अर्धं म्हणजे भ्यालो. तो तालमीत नसलेलं काहीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं. काय विचारेल तेही ठाऊक होतं. म्हणून सोडून आलो यात काही मोठेपणा शोधू नकोस. आईच्या हाती दुसरी शेगडी देऊ नकोस.

इथे कुलूपवाला भेटला. म्हणाला, "ये, नटवर्य." त्याच्या शेजारचीच जागा मिळाली आहे.

उत्तर मागच्या पानावर नाही, वेगळ्या पानावर लिहिलं आहे. तू सांगितलंस तसंच.

दादा

(वेगळं पान)

मी त्यांच्या अंगाला हात लावला तो ढकलताना, एकदाच. त्या कपाटाला घासत खाली गेल्या आणि गाऊन कपाटाच्या कडीत अडकून वर राहिला. तसं दुसरं काही घडलं नाही.

त्यांना वळता येत नव्हतं, हात कडीपर्यंत पोचत नव्हता. त्या म्हणाल्या, "फिल्टरवाल्या, तेवढा गाऊन खाली कर रे, आणि मग जा." दोनदा म्हणाल्या. डब्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत.

मला ऐकू आलं होतं. मी दोन पावलांवर होतो. मी केलं नाही. बघायची लाज वाटली म्हणून पाठ फिरवली आणि तसाच निघालो.

मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.


२८ मे

दादा,

आईला मी सगळं सांगितलं, गॅसपासून.  खाट मी उचलणार होते. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर तिनं एकटीनंच उचलून भिंतीला उभी केली होती. तुला भेटायला येईल की नाही हे तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही.

तुझं वेगळं पान मी बाईंच्या मुलाच्या घरी नेऊन दिलं. एक शब्द बदलला नाही, नक्कलही केली नाही. ते नुकतेच कामावरून आले होते. चष्मा कुठे ठेवला ते सापडेना, तेव्हा म्हणाले, "तुम्हीच वाचा." मी वाचलं. कुठेही न थांबता वाचलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "'कर रे' म्हणाली?"

"हो. 'खाली कर रे, आणि मग जा.'"

"अशीच बोलायची. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी."

मग ते आत गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि शर्ट पुढून भिजला होता. तुझ्याबद्दल त्यांनी जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही, पण ते सगळे बरोबर होते. मी खाली बघून ऐकले. मग ते बसले आणि म्हणाले, "आई माझ्याशी बोलली ती नंतर, दुखण्यात. ते बोलणं तिचं नव्हतं. धडधाकट होती तोवर शेवटचं ती या माणसाशी बोलली. तासभर होता ना तो तिथे? मग फिल्टरबद्दल बोलली असेल, माझ्याबद्दल बोलली असेल. ते सगळं त्याच्यापाशी आहे."

त्यांना ते हवं आहे.

सोबत कोरे कागद पाठवते आहे, वीस मोजून घातले आहेत. पुरले नाहीत तर आणखी पाठवीन. बाईंनी दार उघडलं तिथपासून तू निघेपर्यंत त्या जे जे बोलल्या ते लिही. शब्दन् शब्द. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिही, भर घालू नकोस. तू काय म्हणालास आणि तुला काय वाटलं ते त्यांना नको आहे. मलाही नको.

तुझी बहीण